टेक-ऑफला विमान डावीकडे ओढतंय? आधी सांगा, कधी

"मॅडम, सगळं नीट चाललं होतं, अचानक डावीकडे गेलं."

डीब्रीफच्या (उड्डाणानंतरच्या चर्चेच्या) खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पुढचा प्रश्न आता आपोआप तोंडातून निघतो. अचानक म्हणजे कधी? थ्रॉटल (इंजिनची ताकद वाढवणारा दांडा) उघडल्या उघडल्या, वेग चाळीस नॉटच्या आसपास असताना, की नाक उचलताना? ट्रेनी छताकडे बघतो. दिशा आठवते, पोटात आलेला गोळा आठवतो, धावपट्टीची कड जवळ आलेली आठवते. वेळ मात्र आठवत नाही. आणि या दुखण्याचं अर्धं निदान वेळेवरच होतं. ताप सकाळी चढतो की संध्याकाळी, हे जुने डॉक्टर नाडी बघण्याआधी विचारायचे, तसंच.

मी उडवायला शिकवते सेसना १७२ आणि १५२ या छोट्या विमानांवर, म्हणून खालचं सगळं त्यांना धरून आहे. पायपर किंवा टेकनाम उडवणाऱ्यांना बरंचसं लागू पडेल, पण आकडे आपापल्या हँडबुकातलेच घ्या.

पहिली गोष्ट अशी की 'अचानक' काही होत नाही. या विमानांचा नाकावरचा पंखा (प्रोपेलर) कॉकपिटमधून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा सरळ जात नाही. धडाभोवती पीळ घेत शेपटीकडे जाते आणि तिथल्या उभ्या फळीवर, म्हणजे फिनवर, डावीकडून आपटते. शेपूट उजवीकडे ढकललं जातं, नाक डावीकडे येतं. शिवाय पंखा एका दिशेने फिरला की विमानाचं धड उलट्या दिशेने वळायला बघतं, म्हणजे डाव्या चाकावर थोडा जास्त भार येतो आणि ते चाक थोडं जास्त घासतं. दोन्हींचा निकाल एकच: डावीकडे. दर टेक-ऑफला, निरभ्र आकाशात आणि शून्य वाऱ्यातसुद्धा. उजवा पाय, म्हणजे उजव्या पेडलवरचा दाब, हा टेक-ऑफचा कायमचा भाग आहे, बिघडल्यावर करायचा उपाय नव्हे. (जुन्या टायगर मॉथचं इंजिन उलट फिरायचं, त्यामुळे ती उजवीकडे ओढायची. रशियन याक-५२ चंही तसंच. तेव्हा "विमान म्हटलं की डावीकडेच" असंही डोक्यात पक्कं करू नका. पंखा कुठल्या बाजूला फिरतो ते बघा.)

थ्रॉटल उघडल्यावर पहिल्या चार-पाच सेकंदांत

इथे ओढलं तर नव्वद टक्के वेळा हाताची घाई असते. इंजिनची ताकद पूर्ण आली, पण वेग अजून आलेला नाही. पंख्याची हवा फिनवर जोरात आपटतेय, आणि ते रोखायला रडरवर (फिनच्या मागच्या, पेडलने हलणाऱ्या भागावर) पुरेसा समोरचा वारा नाही. या काळात दिशा सांभाळतं ते मुख्यतः पुढचं चाक. १७२ मध्ये पेडलने ते दोन्ही बाजूंना साधारण १० अंश वळतं. पेडल आणि चाक यांच्यामध्ये स्प्रिंग आहे, त्यामुळे पाय दाबला त्याच क्षणी चाक वळेल असं नाही, किंचित मागून येतं. ट्रेनीला वाटतं काही झालंच नाही, तो आणखी दाबतो, आणि मग दोन्ही दाबांचं फळ एकदम मिळतं.

उपाय साधा आहे. लाइन-अप झाल्यावर (धावपट्टीच्या मध्यरेषेवर आल्यावर) दोन-तीन मीटर पुढे सरका, म्हणजे पुढचं चाक सरळ होतं. वळून थेट थ्रॉटल उघडलंत तर ते वाकडंच असतं. मग थ्रॉटल एका दमात न ढकलता तीन-चार सेकंद घेऊन पुढे न्या, आणि हात पुढे जाईल तसा उजवा पाय पुढे जाऊ द्या. हात आणि पाय एकाच दोरीला बांधल्यासारखे. नाक हलल्यावर पाय द्यायचा, असं करणारा कायम एक पाऊल मागे राहतो.

अजून एक चूक इथेच होते, आणि ती डोळ्यांची आहे. तुम्ही बसता डाव्या सीटवर. काऊलिंगचा (इंजिनवरच्या झाकणाचा) मध्य तुमच्या उजव्या हाताला. नवा ट्रेनी तो मध्य धावपट्टीच्या टोकावर धरतो, आणि त्याला वाटतं आपण सरळ आहोत. प्रत्यक्षात विमानाचं तोंड थोडं डावीकडे असतं, तो सरळ मानून तेच जपत राहतो. मी पहिल्या दिवशी एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) विमान रेघेवर सरळ उभं करून घेते आणि विचारते, तुझ्या डोळ्यासमोर, अगदी नाकासमोर, काऊलिंगवर काय दिसतं? कुणाला एक स्क्रू दिसतो, कुणाला रंग उडालेला ठिपका. तोच तुझा नेम. नजर त्या ठिपक्यावरून उचलून धावपट्टीच्या पलीकडच्या टोकावर टाकायची आणि तिथेच ठेवायची. नजर जवळ असेल तर नाक दोन अंश फिरल्याचं कळत नाही. लांब असेल तर अर्ध्या अंशाला कळतं.

तीस ते पन्नास नॉटच्या मध्ये

हा टप्पा सगळ्यात गुंतागुंतीचा, कारण इथे चार वेगवेगळी दुखणी एकाच लक्षणाने येतात.

माझीच गोष्ट सांगते. शिकत होते तेव्हा एका विमानाने मला सलग तीन सॉर्टींत (उड्डाणांत) डावीकडे ओढलं. पहिल्या टप्प्यात ठीक, वेग धरला की ओढ सुरू. मी उजवा पाय देत होतेच, अगदी मांडी दुखेपर्यंत. स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहिला. एएमईंनी (विमानाच्या देखभाल इंजिनिअरनी) ब्रेक, टायर, पुढच्या चाकाची जोडणी तपासून "काही आढळलं नाही" असा शेरा मारला. दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा ते काही बोलले नाहीत. वर्गातल्या फळ्यापाशी गेले, खडूचा तुकडा घेऊन आले आणि डाव्या सीटच्या दोन्ही पेडलांच्या वरच्या भागावर, जिथे ब्रेक लागतो तिथे, घासला. "जा, एक सर्किट करून ये."

परत आले. त्यांनी बूट दाखवायला सांगितले. उजव्या बुटावर काही नाही. डाव्या बुटाच्या टोकावर पांढरा पट्टा, बोटभर रुंद.

जाड तळव्याचे स्पोर्ट्स शूज होते. उजवा पाय नीट खाली होता, कारण त्याच्याकडे लक्ष होतं. डावा पाय बेवारशी होता, आणि उजवं पेडल पुढे गेलं की डावं मागे येतं, माझ्या पायाखाली वर सरकतं. बूट आपोआप ब्रेकवर. जितका जास्त उजवा पाय, तितका जास्त डावा ब्रेक. स्वतःशीच कुस्ती चालली होती. एएमईंनी स्नॅग बुकात दुसरा शेरा काय लिहिला ते मी कुणाला सांगत नाही.

तेव्हापासून माझ्या ट्रेनींच्या टाचा टेक-ऑफला जमिनीवर असतात. टाच जमिनीवर, चवडा पेडलच्या खालच्या दांडीवर. गुडघा वर उचललेला दिसला की समजायचं, बूट ब्रेकवर चढला. बूट पातळ तळव्याचे घ्या. इथे सँडलही नको आणि जिमचे जोडेही नकोत.

दुसरं दुखणं गाडी चालवणाऱ्यांचं. विमान डावीकडे गेलं की हात आपोआप योक (समोरचं चाकासारखं हँडल) उजवीकडे फिरवतात, स्टिअरिंग समजून. जमिनीवर योकने विमान वळत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं, परीक्षेत लिहिलेलंही असतं. पण चाळीस नॉटला पाठांतर चालत नाही, सवय चालते. उलट नुकसानच होतं: योक उजवीकडे फिरवला की डाव्या पंखाचा एलेरॉन (मागच्या कडेची हलती पट्टी) खाली जातो, तिथे हवेचा अडथळा वाढतो, आणि नाक आणखी डावीकडे. वळायचं उजवीकडे, फिरवायचं उजवीकडे, आणि जायचं डावीकडे! एक उपाय मी करते. बिनवाऱ्याच्या सकाळी ट्रेनीला फक्त पाय देते. थ्रॉटल आणि योक माझ्याकडे, त्याचे हात मांडीवर. दोन-तीन टेक-ऑफनंतर हातांची मध्येमध्ये लुडबुड थांबते.

तिसरं, वारा. शेपटीवरचं उभं फिन म्हणजे वातकुक्कुट. विमानाचं तोंड वारा येईल तिकडे वळतं. वारा डावीकडून असेल तर इंजिनची ओढ आणि वाऱ्याची ओढ एकाच बाजूला पडतात. उजवीकडून असेल तर दोन्ही एकमेकांना खातात, आणि ट्रेनीला वाटतं आपल्याला जमलं! दुसऱ्या दिवशी वारा फिरतो आणि "अचानक" परत येतं. आपल्याकडे पावसाळ्यात हे ठरलेलं असतं. नैर्ऋत्येचा वारा, पूर्व-पश्चिम धावपट्टी, जुहूच्या ०८-२६ सारखी, आणि टेक-ऑफ पश्चिमेकडे तोंड करून: वारा डावीकडूनच येणार. मे महिन्यात खानदेश-विदर्भात दुपारी वाऱ्याला दिशाच नसते. धावपट्टीच्या बाजूला वावटळ उठलेली दिसली तर मुकाट थांबावं. दोन मिनिटांत ती निघून जाते, आणि तेवढ्याने कुणाचे तास कमी भरत नाहीत.

आडव्या वाऱ्याचा हिशोब तोंडी करता आला पाहिजे. वारा धावपट्टीशी ३० अंशांत असेल तर त्याचा निम्मा भाग आडवा, ४५ ला साधारण सत्तर टक्के, ६० ला जवळजवळ नव्वद. धावपट्टी २७ (म्हणजे तोंड २७० अंशांकडे), वारा २४० अंशांवरून १४ नॉट: आडवा ७. तोच वारा २१० वरून आला तर आडवा १२. टॉवरने सांगितलेला आकडा दोन्हीकडे १४ च, पण हे दोन वेगळे टेक-ऑफ आहेत. हँडबुकात १७२ साठी १५ नॉट आणि १५२ साठी १२ नॉट हा करून दाखवलेला आडवा वारा दिला आहे. तो कंपनीच्या चाचणी वैमानिकाने दाखवलेला आहे. तुमच्या सोलोची मर्यादा तुमचा इन्स्ट्रक्टर ठरवतो, आणि ती बरीच कमी असते.

डावीकडून वारा असताना योक सुरुवातीला पूर्ण डावीकडे, म्हणजे वाऱ्यात, आणि वेग वाढेल तसा हळूहळू कमी. पाय उजवा. गाडीवाल्या हातांना हे पटत नाही, पण वर सांगितलेला एलेरॉनचा अडथळा आता तुमच्या बाजूने काम करतो: खाली गेलेला एलेरॉन उजव्या पंखावर असतो आणि नाकाला थोडं उजवीकडे धरतो.

चौथं दुखणं भीतीतून येतं. विमान डुलायला लागलं की ट्रेनी योक पुढे दाबतो, "चाक जमिनीला चिकटून राहू दे" म्हणून. वेग चांगला आलेला असताना असं केलं की मुख्य चाकं हलकी होतात आणि सगळा भार पुढच्या चाकावर येतो. विटा वाहायची एकचाकी हातगाडी आठवा. मूठ जरा हलली की गाडी पुढच्या चाकाभोवती गर्रकन फिरते. विमानाचंही तेच होतं. योक मोकळा धरा, पुढे ढकलू नका. याच्या उलट, फार लवकर मागे ओढणंही वाईट. सेसनाचं पुढचं चाक हलकं होऊन त्याचा स्ट्रट (धक्के झेलणारा दांडा) पूर्ण लांबला की आतली कॅम त्याला मध्यावर अडकवते, मग पेडलने ते वळत नाही. रडरला अजून पुरेसा वारा मिळालेला नाही आणि चाक हातचं गेलं, अशी मधलीच अवस्था तयार होते. सॉफ्ट-फील्ड (मऊ जमिनीवरून) टेक-ऑफ शिकताना जे विमान पळतं ते बहुतेक यामुळे.

डावी-उजवी-डावी अशी नागमोडी चालली असेल तर पाय जास्त पडतोय, आणि उशिरा पडतोय. छोटा दाब द्या आणि नाक थांबायच्या आधी सोडा. सायकलचं हँडल धरतो तसं, सतत आणि थोडं थोडं.

नाक उचलताना

१५२ मध्ये ५० आणि १७२ मध्ये ५५ नॉटला नाक वर येतं, आणि तिथे आणखी एक ओढ जागी होते. नाक वर असताना पंख्याचं उजव्या बाजूने खाली येणारं पातं हवेचा मोठा घास घेतं, वर जाणारं डावं पातं लहान. खेच उजव्या बाजूला जास्त, म्हणून नाक डावीकडे. त्याच क्षणी पुढच्या चाकाची जमिनीवरची पकड सुटते, आणि ती आतापर्यंत थोडं काम करत होती. म्हणजे नाक वर जाईल तसा उजवा पाय थोडा वाढला पाहिजे. बहुतेक जण तिथेच तो सैल सोडतात, कारण मनाने ते उडालेले असतात.

चाकं सुटल्यावर विमान तिरकं सरकत असेल तर परत खाली टेकवू नका. तिरक्या अवस्थेत टेकलं की चाकांवर बाजूचा ताण येतो. वर राहा, वेग घेऊ द्या, नाक थोडं वाऱ्यात वळवून सरळ रेषेत चला.

पुष्पक या जुन्या भारतीय शिकाऊ विमानावर शिकलेले जुने इन्स्ट्रक्टर या सगळ्याला हसतात. त्या विमानाचं छोटं चाक शेपटीला. शेपूट उचललं की फिरणाऱ्या पंख्याचा भोवरा-गुण नाकाला आणखी एक झटका डावीकडे द्यायचा. पुढच्या चाकाच्या विमानात तो त्रास जवळजवळ नाही, त्यात फार डोकं घालू नका.

दोष विमानाचा कधी मानायचा

सोपी कसोटी: थ्रॉटल कमी केल्यावर ओढ जाते की राहते? गेली तर इंजिनची होती, म्हणजे तुमच्या पायाची उधारी. राहिली तर चाक, ब्रेक, टायर किंवा वारा. मग बिनवाऱ्याच्या वेळी सपाट एप्रनवर आयडलवर (इंजिन सर्वात मंद ठेवून) हळू टॅक्सी करा, म्हणजे जमिनीवर चालवा, आणि क्षणभर पाय पेडलवरून पूर्ण काढा. तरीही एकाच बाजूला जात असेल तर स्नॅग खरा. इंजिन बंद करून टो-बारने ढकलून बघा, अडकणारा ब्रेक हाताला कळतो. टॅक्सीनंतर दोन्ही ब्रेक डिस्कच्या जवळ हात न्या (लावू नका, भाजेल); एक बाजू स्पष्ट गरम लागली तर तिथेच घासतंय. टायरमधला दाब दोन्हीकडे सारखा हवा, नुसतं बघून कळत नाही, गेज लावा. पुढचं चाक थरथरत असेल तर दोष शिमी डँपरचा, म्हणजे थरथर शोषणाऱ्या भागाचा. रडरवर जमिनीवरच वाकवता येणारी पट्टी असते, ती ट्रेनीने हाताने "थोडीशी" नीट करायची नसते, ती एएमईंचीच.

सीटचं वेगळं सांगते, कारण यात माणसं गेली आहेत. सेसनाची सीट रुळावर सरकते आणि पिनेने भोकात अडकते. पिन नीट बसली नसेल तर थ्रॉटल उघडताच वेगाच्या धक्क्याने सीट मागे जाते. पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत, आणि आधार म्हणून धरलेला योक माणसासोबत मागे ओढला जातो. अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेने या रुळांच्या तपासणीचा आदेश १९८७ मध्ये काढला आणि २०११ मध्ये त्याजागी नवा दिला. तुमच्या बाजूने एवढंच: सीट लावल्यावर कंबरेने मागे-पुढे दोन सणसणीत झटके द्या. हलली तर परत लावा, पुन्हा हलली तर उडू नका.

आता गेलंच तर

पूर्ण उजवा पाय देऊनही नाक डावीकडेच जातंय, मध्यरेषा हातची गेली, आणि वेग अजून उड्डाणाचा नाही: थ्रॉटल बंद. कडेने उचलून न्यायचा मोह होतो, तो जिवावर बेततो. पण इथे एक खोच आहे. थ्रॉटल बंद झालं की डावीकडची ओढही त्याच क्षणी जाते, आणि तुमचा उजवा पाय मात्र पूर्ण दाबलेला. विमान झपाट्याने उजवीकडे फिरतं. मी हे दोनदा सीटवर बसून पाहिलंय, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, एकाच टेक-ऑफमध्ये. म्हणून थ्रॉटल बंद करतानाच पाय सैल करा. आधी सरळ, मग ब्रेक, दोन्ही पायांनी सारखा.

कड ओलांडणार हे नक्की असेल तर सरळच जाऊ द्या, जोरात वळवू नका. गवतात सरळ गेलेलं विमान बहुधा चिखल उडवून थांबतं. वेगात वळवलेलं पंख टेकवतं. पावसाळ्यात कडेला काळी माती असेल तर पुढचं चाक रुततं, म्हणून योक मागे ओढून त्याच्यावरचा भार कमी करा.

आणि मग स्नॅग बुक. "टेक-ऑफला डावीकडे ओढतं" असं लिहून एएमईंच्या हाती काही लागत नाही, ते टायर बघून शेरा मारतील. असं लिहा: "टेक-ऑफ रोल, ३५ ते ४० नॉट, थ्रॉटल पूर्ण, वारा उजवीकडून ५ नॉट, टाचा जमिनीवर. ओढ डावीकडे. थ्रॉटल कमी केल्यावर ओढ कायम. परतीच्या टॅक्सीनंतर डावी डिस्क उजवीपेक्षा गरम." एवढ्यावर ते थेट डाव्या ब्रेकपाशी जाऊन बसतील. आणि तिथे काही सापडलं नाही, तर खडू आणतील.